-७ भागिले ३, बाकी किती?

आज एकच गणित. -७ ला ३ ने भागलं तर बाकी किती उरते? पायथनला विचारा, तो २ म्हणेल. सी, जावा, जावास्क्रिप्ट म्हणतील -१. चिन्ह तेच, %. आणि गंमत म्हणजे कुणीच चूक नाही.

शाळेतला ताळा आठवा: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. तो सगळेच पाळतात. भांडण आहे भागाकारावरून. खरं उत्तर -२ आणि -३ च्या मधलं. जावा अपूर्णांक नुसता छाटून टाकते आणि -२ धरते. मग ताळा जुळायला बाकी -१ च हवी. पायथन खालच्या पूर्णांकाला, म्हणजे -३ ला जातो. तीन गुणिले उणे तीन, उणे नऊ; त्यात २ मिळवले की -७. म्हणून जावात बाकीचं चिन्ह भाज्यासारखं, पायथनमध्ये भाजकासारखं. सीमध्ये तर १९९९ च्या मानकापर्यंत ऋण संख्यांचा हा निर्णय कंपायलरवरच सोडलेला होता!

मी स्वतः यात आपटलोय बरं का. जावास्क्रिप्टमध्ये वारांची यादी होती, रविवार शून्यावर. 'मागचा वार' काढायला एक वजा करून % ७ केलं. सहा दिवस झकास चाललं. रविवारी उत्तर आलं -१, आणि स्क्रीनवर शनिवारऐवजी 'अनडिफाइन्ड'. उपाय साधा: आधी ७ मिळवा, मग % ७ करा. जावात यासाठी आठव्या आवृत्तीपासून मॅथ.फ्लोअरमॉड आहे. तसंच, संख्या विषम आहे का हे 'बाकी १ आली का' असं तपासू नका. जावात -३ % २ म्हणजे -१, त्यामुळे बिचारी सम ठरते. 'बाकी शून्य नाही ना' असं विचारा.

आता दशांश. सीमध्ये % त्यांना चालतच नाही, एफमॉड वापरावं लागतं. पायथनमध्ये चालतं, पण १.० % ०.१ करून बघा. शून्य नाही येत! येतं ०.०९९९... पुढे नऊच नऊ. कारण ०.१ बायनरीत नेमका मावत नाही. साठवलेला आकडा कणभर मोठा असतो. मग तो एकात दहा वेळा बसत नाही, नऊच वेळा बसतो, आणि बाकी जवळजवळ अख्खा भाजकच उरतो. चूक कणभर, उत्तर मात्र पार दुसऱ्या टोकाला.

म्हणून पैशांच्या हिशेबात तरी रुपयांचे दशांश घेऊच नका. सगळं पैशांत मोजा: १०० % १०, बाकी शून्य.