दरड ढासळते ती पूर ओसरल्यावर

हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. तिच्या पाठोपाठ मुक्ताईनगर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांतून संरक्षक भिंतीची मागणीही येते. मागणी रास्त आहे. पूर्णा-तापीच्या काठची माती उभ्या पिकासकट खाली जाते, हे त्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. माझी शंका आहे ती भिंतीबद्दल.

पाणी चढलेले असताना दरडीला नदीचाच टेकू असतो. ते झपाट्याने उतरले की टेकू जातो, पण मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. चिकणमातीतून तर फारच सावकाश. जड झालेली ओली दरड आतल्या दाबाने पुढे सरकते. त्यामुळे ऐन पुरात तग धरलेला काठ पाणी ओसरल्यावर, कधी कधी चांगले ऊन पडलेले असताना, बसतो. मातीच्या धरणाचे संकल्पन करताना पाणी एकदम उतरल्याची ही अवस्था वेगळी तपासावीच लागते. गावाशेजारच्या भिंतीला मात्र ती तपासणी लागू नाही, असा आपला समज दिसतो.

त्यात इथली माती फसवी. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाच्या आसपास दोन्ही नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत, मधूनमधून चुनखडीचे खडे. कोरडी असताना ही दरड जवळजवळ सरळ उभी राहते आणि बघणाऱ्याला वाटते, किती घट्ट आहे! भिजली की कणांना धरून ठेवणारा ताण सुटतो. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते, जमिनीखाली पोकळ्या करते, त्यांचे छत बसले की घळ तयार होते. म्हणजे नदी पायथा खाते हे खरे, पण अर्धे काम वरच्या शेतातून आलेले पाणीच करते. त्यावर नदीकडच्या बाजूला कितीही जाड काँक्रीट ओतले तरी उपाय होत नाही.

म्हणून उताराच्या संरक्षणाचे काम वरून सुरू करायचे. काठाच्या मागे आडवा चर काढून पाणी अडवायचे आणि ठरावीक जागी पक्क्या नळीतून किंवा पन्हाळीतून खाली उतरवायचे. उभी दरड तासून तिला ढाळ द्यायचा. उभ्या एकास आडवे दोन हा रस्त्यांच्या भरावाचा नेहमीचा हिशेब. पायथ्याला दगड हवाच, आणि तो पात्र जिथवर खरवडले जाईल त्याच्याही खाली नेलेला हवा. शेजारून वाळू उपसली जात असेल, तर हा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो.

आणि दगडामागे गाळणी. दगडी पिचिंगमधून, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांच्या थरातून, पाणी बाहेर आले पाहिजे, पण माती येता कामा नये. मृदा-अभियंते कार्ल तेर्झाघी यांनी यासाठी दिलेला नियम आजही वापरात आहे. गाळणीतले सर्वांत बारीक १५ टक्के कण ज्या आकारात बसतात, तो आकार मातीतले ८५ टक्के कण ज्यात बसतात त्या आकाराच्या चार-पाच पटींहून मोठा नसावा. हा थर कुणाला दिसत नाही, त्यामुळे पैसे वाचवायला तोच सोयीचा. तो गाळला की मागची माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि वरचे पिचिंग जुन्या गादीसारखे जागोजागी बसते.

आता माझा आवडता विषय: वाळा. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांत भरतो आणि माठात टाकतो, तोच. जॉन ग्रीनफिल्ड हे १९५० च्या दशकात फिजीमध्ये उसाच्या मळ्यांवर काम करत होते. उतारावरची धूप थांबवायला त्यांनी समपातळीवर वाळ्याच्या दाट ओळी लावल्या. १९८० च्या दशकात जागतिक बँकेचे रिचर्ड ग्रिमशॉ आणि ते, दोघे भारतात या गवताचा प्रचार करू लागले, तेव्हा असे दिसले की कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी बांधावर वाळा पिढ्यान् पिढ्या लावतच होते. तज्ज्ञ विमानाने आले, तंत्र बांधावर आधीच होते! वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या मातीत वर्षभरात तीन मीटरपर्यंत. त्यांची सरासरी ताणशक्ती सुमारे ७५ मेगापास्कल मोजली गेली आहे, साध्या पोलादाच्या साधारण एक षष्ठांश. वरची दाट ओळ पाण्याचा वेग मोडते, गाळ अडवते, आणि तिच्यामागे हळूहळू पायरी तयार होते.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो. काँक्रीटची भिंत याबाबतीत काही करत नाही, गवत करते. राष्ट्रीय महामार्ग ५३ सारख्या रस्त्यांच्या उंच भरावांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५६ ही मार्गदर्शिका आहे. तीत गवताबरोबर ताग आणि काथ्याच्या जाळ्याही येतात. या जाळ्या काही वर्षांत कुजतात, आणि कुजाव्यात म्हणूनच त्या घालतात. तोवर मुळांनी माती धरलेली असते.

वाळ्याचे वेड मला आहे, पण आंधळे नाही. खोल घसरणारी दरड गवताने थांबत नाही, तिथे दगड, तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन किंवा भिंत लागेलच, आणि भिंतीला पाणी सोडणारी छिद्रे व त्यांच्यामागे गाळणी लागेल. वाळा सावलीत मरतो. अत्तरासाठी मुळे उपटली तर उतार आधीपेक्षा सैल होतो. शिवाय खानदेशचा उन्हाळा. जुलैत लावलेला ठोंब पुढच्या मे महिन्यात ४५ अंशांत जगवायचा, तर पहिल्या वर्षी पाणी द्यावे लागेल, शेळ्या आवराव्या लागतील, मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावावे लागतील. ठेकेदाराच्या हमी कालावधीत भिंतीचे तडे मोजले जातात. ठोंबही मोजायचे आणि पाण्याच्या टँकरचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरायचे, एवढी अट निविदेत घालायला कुठल्या नव्या संशोधनाची गरज नाही.