जुनी कॅसेट, खरी किंमत

नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या हातात आज पगार आहे. म्हणूनच गल्लीतल्या दुकानात तासाच्या भाड्यावर खेळली जाणारी 'काँट्रा'ची कॅसेट आता 'अँटिक' या नावाने विकायला येते. अब्बांना आठवणी येतात, मुलगा हट्ट धरतो आणि विक्रेता दोघांचे चेहरे बघून भाव सांगतो. असा सौदा घरखर्चाच्या पैशातून होणार असेल, तर वस्तू ओळखता आली पाहिजे.

भाव चढण्यामागे बातम्यांचाही हात आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तेव्हापासून जुन्या कॅसेटवाल्या प्रत्येकाला आपण लखपती झालो असे वाटते. त्या प्रतीचे वेष्टन मात्र कधी उघडलेलेच नव्हते. पैसा त्या वेष्टनाचा होता, खेळाचा नव्हे. त्याच खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती जगात विकल्या गेल्या आहेत. खोका आणि माहितीपुस्तिका असलेल्या वस्तूचा भाव वेगळा, नुसत्या कॅसेटचा वेगळा. आपल्याला खेळायचे आहे, तेव्हा खोक्याचे पैसे का मोजावे?

आपल्याकडे घरोघरी जो 'व्हिडिओ गेम' होता, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची नक्कल असे. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले. त्याच्या कॅसेटला ६० पिना, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्राच्या कॅसेटला ७२. त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेली कॅसेट आपल्या यंत्रात जातच नाही, मध्ये अडॅप्टर लागतो. जपानी कॅसेट मात्र बहुधा चालते, आणि मारिओला उड्या मारायला लावण्यासाठी जपानी वाचता येण्याची गरज नाही. जपानमध्ये जुन्या खेळांची दुकाने राजरोस चालतात. कंपन्यांनी त्यांना हरकत घेतली होती, पण २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुने खेळ विकण्यास मुभा दिली. तिकडे कोणी नोकरीला असेल, तर त्याला साध्या, खोक्याविना असलेल्या कॅसेटी बघायला सांगावे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, या जागा सर्वांना ठाऊक आहेत. बाजारात जाण्याआधी मोबाईलवर भाव पाहावा. पण विक्रेत्याने मागितलेला नव्हे, प्रत्यक्षात विकला गेलेला. ईबेवर 'सोल्ड' हा पर्याय निवडला की झालेले सौदे दिसतात. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

कॅसेट हातात आली की पिना पाहा. काळ्या पडल्या असतील तर घाबरू नका; कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या की बऱ्याचदा चालू होतात. आपण सगळे फुंकर मारून कॅसेट लावायचो, पण फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. (माझ्या वर्गातली मुले हे ऐकून हसतात, त्यांनी कॅसेट पाहिलेलीच नाही.) 'पोकेमॉन'सारख्या खेळात प्रगती साठवण्यासाठी आत बटणासारखा सेल असतो. इतक्या वर्षांनी तो संपणारच. खेळ सुरू होतो, पण पुढचा टप्पा साठत नाही. सेल बदलणे कारागिराला कठीण नसते, मात्र तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

गेमबॉयच्या पोकेमॉन कॅसेटींत नकली माल फार. लेबलची छपाई पुसट, प्लास्टिकचा रंग किंचित वेगळा, आणि खालून डोकावले की पिनांच्या वर निन्टेन्डोचे नाव नाही, अशी कॅसेट असली म्हणून घेऊ नये. पहिल्या प्लेस्टेशनच्या असली सीडीची खालची बाजू काळी असते. रुपेरी दिसली तर ती बहुधा कॉपी आहे. सीडीच्या खालच्या बाजूचा हलका ओरखडा पॉलिशने जातो. लेबलच्या बाजूचा खोल ओरखडा मात्र जात नाही, कारण माहितीचा थर त्या लेबलच्या लगेच खाली असतो.

यंत्र घेताना दुकानातच टीव्हीला लावून पाच-दहा मिनिटे चालवून पाहा, रिमोटचे प्रत्येक बटण दाबा. आणि आपल्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लागते का, हे घरून निघतानाच बघून ठेवा. नसेल तर कन्व्हर्टरचे पैसे हिशेबात धरावे लागतील.

विकणाऱ्यानेही ऐब लपवू नये. सेल गेला आहे, एक बटण अडकते, हे आधीच सांगितले तर भाव थोडा उतरतो, पण घेणारा भांडायला परत येत नाही. उलट बाजूही आहे. शेजारची एखादी खाला माळा आवरताना मुलाच्या कॅसेटींची पिशवी भंगारवाल्याला देत असेल आणि तुम्हाला त्यातल्या एकीची किंमत माहीत असेल, तर किलोच्या भावाने ती उचलण्याआधी तिला ती किंमत सांगा.