उतारवयांत मोबाईलचे धडे

हृदय दुर्बळ झालेल्या वृद्धाच्या हातीं मोबाईल देणें सोपें; तो वापरावयास शिकविणें मात्र धीराचें काम आहे. मुलानें वा नातीनें तो स्वतःच्या हातांत घेऊं नये. घरीं एकटें असतां वृद्धाचेंच बोट कामास यावयाचें आहे.

रोज एकच धडा द्यावा. महाराष्ट्रांत पहिला धडा १०८ क्रमांक लावण्याचा. छातींत कळ आल्यास दुसरें कांहीं न चाळतां रुग्णवाहिका बोलवावी. दुसरा धडा वजनाच्या नोंदीचा. सकाळीं शौचानंतर, चहापूर्वीं वजन करून आंकडा मोबाईलमध्यें लिहावा. ३ दिवसांत २ किलोंहून अधिक वाढ ही अंगांत पाणी सांचत असल्याची खूण असूं शकते. ती त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावी.

धडा विसरल्यास न रागावतां पुन्हा द्यावा.