३६ गावांचे जोहड आणि कानपूरचे अग्रवाल सर

११ ऑक्टोबर ही तारीख आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सेनगाव तालुक्यातील कडोळीचे नानाजी देशमुख यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ चा. पुढे त्यांनीच चित्रकूटला ग्रामोदय विश्वविद्यालय उभे केले. त्याच विद्यापीठात म्हातारपणी विद्यार्थ्यांना शिकवणारे एक निवृत्त इंजिनिअर प्राध्यापक होते, गुरुदास अग्रवाल. जी. डी. अग्रवाल या नावाने ते ओळखले जात. त्यांचा मृत्यूही ११ ऑक्टोबरचाच, साल २०१८. गंगेसाठी १११ दिवस उपोषण करून ते ऋषिकेशच्या रुग्णालयात गेले, एवढी बातमी त्या वेळी आपल्याकडच्या पेपरांत आली होती. ती वाचून बहुतेकांनी ‘कोणी साधू वारले’ अशीच समजूत करून घेतली. अंगावर भगवी वस्त्रे होती, त्यामुळे लोकांचाही दोष नाही.

पण या साधूने एकेकाळी राजस्थानातल्या ३६ गावांतील मातीच्या बांधांचे मूल्यमापन केले होते. शेतकरी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि बांध-बंधाऱ्यांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला हा माणूस माहीत असावा, म्हणून हा लेख.

अलवर जिल्हा हा अरवलीच्या डोंगरातला. पाऊस सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा बराच कमी, आणि तोही थोड्याच दिवसांत कोसळून मोकळा होणारा. १९८५ साली राजेंद्रसिंह नावाचा आयुर्वेद शिकलेला तरुण चार साथीदारांसह थानागाजी तालुक्यात आला. दवाखाना काढावा, मुलांना शिकवावे असा त्याचा बेत होता. गोपालपुऱ्याच्या मांगू पटेल नावाच्या म्हाताऱ्याने त्याला सरळ सांगितले की औषध आणि शाळा राहू दे, आधी पाण्याचे बघ, फावडे घे आणि जोहड खण. जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध. वरच्या बाजूने पाणी येऊन साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना उतरते. जादा पाणी बाजूने काढून देण्याची वाट ठेवतात. तिकडे तिला ‘अपरा’ म्हणतात, आपण सांडवा म्हणतो.

तरुण भारत संघाच्या त्या कामाला पुढे देशभर नाव मिळाले. अरवरी नदी पुन्हा वाहू लागली, राजेंद्रसिंहांना २००१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सुरुवातीची वर्षे अशी गोड नव्हती. बांधकाम बेकायदेशीर आहे, अशा सरकारी नोटिसा आल्या. आणि जाणकार मंडळींच्या तोंडी एकच प्रश्न होता: हे बांध इंजिनिअरने आखलेले नाहीत, फुटले तर जबाबदार कोण?

प्रश्न अगदी चुकीचा नव्हता. मातीचा बांध फुटला की खालच्या शेताची माती खरवडून निघते, ते आपण पाहिलेले आहे. या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर माणूस कसा हवा? बांधाचे शास्त्र पक्के माहीत असलेला हवा आणि कोणाच्या भिडेला न पडणारा हवा.

अग्रवाल सर तसे होते. उत्तर प्रदेशात कांधला गावी शेतकरी कुटुंबात १९३२ साली त्यांचा जन्म झाला. गावातल्या शाळेतून शिकून ते रूरकीला सिव्हिल इंजिनिअर झाले. उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्यात त्यांनी डिझाइन इंजिनिअर म्हणून नोकरी केली, म्हणजे धरणाचे गणित कागदावर मांडणारा माणूस. नंतर अमेरिकेत बर्कले येथे पर्यावरण अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली आणि कानपूरच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिवही तेच. आज कारखान्याच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन तपासतात, त्या सगळ्या व्यवस्थेची घडी बसवणाऱ्यांत त्यांचा हात आहे.

असा माणूस अलवरच्या गावांत गेला आणि १९९६ साली त्याचा अहवाल आला. अहवालाचे नावच बोलके आहे. ३६ गावांतील जलसंधारणाच्या कामाचे ‘एका इंजिनिअरने केलेले मूल्यमापन’. कार्यकर्त्याने केलेले कौतुक नव्हे आणि भक्ताने गायलेली आरतीही नव्हे. १९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षी तिकडे जोराचा पाऊस झाला होता. इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय गावकऱ्यांनी बांधलेले बांध त्या पावसात टिकले, याची नोंद या माणसाने केली. ज्याचे आयुष्य आराखडे काढण्यात आणि शिकवण्यात गेले, त्यानेच हे लिहून दिले, म्हणून त्या नोंदीला वजन आले.

हे कसे घडले असेल, ते आपल्या कामावरून सांगतो. सांडवा किती रुंद ठेवायचा हे ठरवताना आम्ही पाणलोटाचे क्षेत्र घेतो, पावसाची तीव्रता घेतो, जमिनीचा उतार आणि प्रकार पाहून एक गुणांक धरतो आणि गुणाकार करून पुराचा जास्तीत जास्त लोंढा काढतो. पद्धत बरोबरच आहे. पण पावसाचा आकडा कुठल्या तरी दूरच्या पर्जन्यमापकाचा असतो आणि गुणांक तक्त्यातला. गावचा म्हातारा माणूस तोच लोंढा वेगळ्या रीतीने मोजतो. अमुक साली पुराचा काडीकचरा कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीला अडकला होता, कोणाचा गोठा वाहून गेला, पाणी ओसरायला किती वेळ लागला, हे त्याच्या डोक्यात पक्के असते. हाही हिशेबच, फक्त कागदावर नसतो. पन्नास-साठ पावसाळ्यांचे निरीक्षण कोणत्याही एम.बी.त लिहायला रकाना नाही.

इथे स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती, नवीन पदविका, खिशात कॅल्क्युलेटर. एका गावात सिमेंट नालाबांधाची आखणी चालली होती. शेजारच्या शेतातले एक बाबा काठी टेकत आले नि म्हणाले, “साहेब, जागा चुकतीय. नाला भरला की पाणी इकडून नाही, त्या बाभळीकडून जातंय.” मी लेव्हलमधून पाहिले. बाभळीकडची बाजू उंच दिसत होती. मी बाबांना म्हणालो, “बाबा, मशीन खोटं बोलत नाही.” ते काही बोलले नाहीत. तंबाखू मळली आणि निघून गेले.

दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्याने बाभळीच्या बाजूने काठ कापला. बांध जागेवर उभा आणि नाला शेजारून वाहतोय! मशीन खोटे बोलले नव्हते. पण तो काठ मुरमाचा नव्हता, जुन्या नाल्याच्या पात्रात साचलेली गाळाची माती होती, वरून उंच आणि आतून पोकळ. बाबांच्या लहानपणी नाला तिथूनच वाहायचा. हे मला नंतर कळले, कारण आधी मी विचारलेच नव्हते. बाबांचे पाऊण एकर गेले. भरपाई म्हणून त्यांना माझ्याकडून काही मिळाले नाही, आणि त्यांनी मागितलेही नाही.

अलवरच्या अहवालाची हकिगत मी त्यानंतर वाचली. वाचताना बाबांची तंबाखू मळणारी बोटेच डोळ्यांपुढे येत होती.

अग्रवाल सरांच्या विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर विलक्षण जीव. आयआयटी सोडून कितीतरी वर्षे झाल्यावर, २००२ साली, कानपूरच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना उत्कृष्ट शिक्षक म्हणून गौरवले. बदली झालेल्या मास्तरांना पोरे वर्षभरात विसरतात, असे आपण म्हणतो. तिथे नोकरी-धंद्यात मुरलेले लोक जुन्या मास्तरांना शोधत गेले.

चित्रकूटला सर दोन खोल्यांच्या घरात राहत. लग्न केलेले नव्हते. झाडलोट, धुणे, स्वयंपाक सगळे स्वतःच्या हाताने. अंगात खादी. गावात सायकलवर, लांब जायचे तर बस नाहीतर रेल्वेचा दुसरा वर्ग. एवढ्या पदांवर राहून आलेला माणूस असा राहतो, हे बघूनच पोरे अर्धे शिकत असतील.

आता गंगेचे. तिथे नेमके काय बिनसले होते, हे शेतकऱ्याला सांगायला फार वेळ लागत नाही. डोंगरात वीज तयार करण्यासाठी नदीचे पाणी वर अडवून बोगद्यात घालतात, काही किलोमीटर आतून नेतात आणि खाली टर्बाइनवर सोडतात. कागदावर हे ‘वाहत्या नदीवरचे’ प्रकल्प असतात. पण बोगदा जेवढा लांब, तेवढ्या अंतरात नदीचे पात्र जवळजवळ कोरडे. पुढचा प्रकल्प लगेच खाली आला की बोगद्यातून निघालेले पाणी पुन्हा बोगद्यात. वरच्या गावाने सगळा पाट आपल्याच शेतात फिरवला, तर खालच्याचे काय होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते.

२००८ साली उत्तरकाशीत सर भागीरथीसाठी उपोषणाला बसले, २००९ साली दिल्लीत आणि २०१० साली हरिद्वारच्या मातृसदनात. ६०० मेगावॅटचा लोहारीनाग-पाला प्रकल्प काम सुरू झालेले असतानाही २०१० साली रद्द झाला. २०१२ च्या डिसेंबरात गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचा सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मधल्या काळात, २०११ साली, त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी ज्ञानस्वरूप सानंद हे नाव धारण केले.

बाकीच्या उपनद्यांवरची कामे चालूच होती. गंगेसाठी स्वतंत्र कायदा करा, अलकनंदा-मंदाकिनीवरचे प्रकल्प थांबवा, हरिद्वारचा वाळूउपसा बंद करा, अशा मागण्या घेऊन २२ जून २०१८ रोजी ८६ व्या वर्षी ते पुन्हा उपोषणाला बसले. अन्न सोडून फक्त पाणी आणि मध. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाणीही सोडले. त्याच दिवसांत, ९ ऑक्टोबरच्या तारखेने, नदीत किमान किती पाणी सोडलेच पाहिजे याची अधिसूचना केंद्राने काढली. डोंगरातल्या पट्ट्यासाठी हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांत मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. सरांच्या हिशेबाने ते पुरेसे नव्हते. प्रशासनाने त्यांना ऋषिकेशच्या एम्समध्ये नेले आणि ११ ऑक्टोबरला ते गेले. देहदान आधीच करून ठेवले होते.

उपोषण करून धोरण बदलावे की नाही, यावर दोन मते असू शकतात. मला वाटते, एवढ्या जाणत्या माणसाला तोंडात पाणी घेणेही सोडावे लागले, यात त्यांच्यापेक्षा आपली हार मोठी. पण त्यांचे फक्त उपोषण लक्षात ठेवले, तर अलवरच्या उन्हात बांधांवरून हिंडणारा इंजिनिअर हातातून निसटतो. माझ्यासारख्याला तो जास्त जवळचा. पाटबंधारे खात्याच्या टेबलावर बसून ज्याने हिशेब मांडले, त्यानेच खेडूतांच्या कामावर बरोबरची खूण केली, आणि पुढे जे काम चूक वाटले त्यावर सही करायला शेवटपर्यंत नकार दिला. दोन्ही वेळचा हिशेब एकच होता, फक्त दुसऱ्या वेळी त्याची किंमत फार मोठी द्यावी लागली.

आमच्या खात्यात शिवारफेरी असते. फॉर्म असतो, सह्या असतात, फोटो काढतात. कित्येकदा फेरी रस्त्याला लागून असलेल्या शेतापर्यंतच जाते, हे लपवून काय उपयोग? सरपंच आणि ग्रामसेवकांना एक विनंती करतो. आखणीच्या दिवशी गावातली दोन-तीन जुनी माणसे बोलावून घ्या, त्यांच्यासाठी खुर्ची नाही तरी चहा ठेवा, आणि आम्हा अधिकाऱ्यांना त्यांच्यासोबत नाल्यातून पायी चालायला लावा. पूर कुठपर्यंत आला होता, जुने पात्र कुठले, माती कुठे भुसभुशीत आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकून मगच चुना टाका. आम्ही कुरकुर केली तरी ऐकू नका.

त्याच गावात वरच्या अंगाला मातीचा एक नालाबांध धरायचा आहे. ते बाबा आता फारसे चालत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांना नातवाच्या मोटारसायकलवर बसवून नाल्यावर नेले. सांडवा कुठे ठेवू, म्हणून विचारले. त्यांनी आधी माझ्या हातातल्या लेव्हलकडे बघितले, मग काठीने पळसाच्या दोन झाडांमधली जागा दाखवली. मी खुंट्या ठोकल्या. पातळी मात्र घेतलीच. या खेपेला दोघांचे जुळले.