वावराच्या धुऱ्यावर रंगपेटी

दहावीपर्यंतची मुले असलेल्या पुष्कळ घरांत एखादी रंगपेटी सापडते. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपली मुले देतात, श्रेणी मिळवतात, दहावीच्या निकालात त्याचे वाढीव गुणही पदरात पडतात. मग ती पेटी फडताळावर जाते, ती कायमचीच. मुलगा वावरात उतरतो, मुलगी सासरी जाते आणि रंगांच्या वड्या वाळून तडकतात. आमच्या मते चित्र काढण्याचे खरे दिवस तेव्हाच सुरू व्हायला हवेत.

याला कारण आहे. चित्रकाराला लागणारी नजर शेतकऱ्याच्या घरात आधीपासूनच असते. पऱ्हाटीच्या पानावर लाली चढू लागली की धुऱ्यावरूनच ती कळते. जमिनीच्या रंगावरून वाफसा आला की नाही हे सांगता येते. निंबाचा हिरवा, बाभळीचा हिरवा आणि तुरीचा हिरवा वेगळे असतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शहरातल्या विद्यार्थ्याची यातच दोन-चार वर्षे जातात. आपल्याला फक्त हात वळवायचा आहे.

उघड्यावर बसून जलरंगात चित्र काढण्याची ही पद्धत विलायतेत वाढली. तिचा एक धागा फौजेतून येतो. लंडनजवळच्या वूलिच येथील लष्करी विद्यालयात पॉल सँडबी हा नामवंत चित्रकार १७६८ पासून चित्रकला शिकवीत होता. कॅमेरा नव्हता त्या काळात डोंगर, नदी, किल्ला कागदावर उतरवता येणे ही अधिकाऱ्याची गरज होती. पाण्यात कालवायचे रंग न्यायला हलके आणि लवकर वाळणारे, म्हणून ते सोयीचे पडले. पुढे हीच विद्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आपल्या मुलांनी आत्मसात केली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान तिथे शिकले आणि पुन्हा गावीच परतले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ, झाडे, ढग हेच विषय पुन्हा पुन्हा रंगवले. १९३१ मध्ये ते वारले. चित्रासाठी त्यांना दूरदेशी जावे लागले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता साहित्याचे. बारा वड्यांची साधी पेटी, एक बारीक आणि एक जाड गोल ब्रश, टू-बी पेन्सिल, पाण्याचे दोन डबे, एक जुने फडके. कागदावर मात्र काटकसर करू नये. वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि नवखा माणूस तिथेच हिरमुसतो. जाड ड्रॉइंग पेपर घेऊन तो फळीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवावा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी रंगासाठी विहिरीचे पाणी वापरू नये, प्यायचे गोडे पाणी न्यावे. खारे पाणी वाळले की त्यातले क्षार कागदावरच राहतात.

जलरंगाची मुख्य गोष्ट अशी, की यात पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. कोरा कागद हाच पांढरा. फुटलेला कापूस काढायचा तर बोंडाएवढी जागा कोरी ठेवून भोवतीचा पाला आणि सावली रंगवावी. कापूस आपोआप दिसू लागतो. वेचणीच्या दिवसांत हे एकदा करून पाहाच. आधी फिके रंग द्यावेत, ते वाळले की गडद. उलट केले तर चित्र मळते.

काळ्या जमिनीसाठी पेटीतला काळा उघडू नका. त्याने वावर डांबरासारखे दिसते. गडद निळा आणि तपकिरी एकत्र कालवा. निळा जास्त घातला तर ओली जमीन, तपकिरी जास्त घातला तर उन्हाने भेगाळलेली. तयार हिरवाही तसाच कच्चा दिसतो. पिवळ्यात निळा मिसळून आपला हिरवा आपणच करावा, त्यात किंचित तांबडा गेला की तो शांत होतो. अकोट, अंजनगावकडून उत्तरेला पाहिले तर सातपुडा निळा दिसतो. झाडे तिथेही हिरवीच, पण मधल्या हवेने रंग बदलतो. जितकी रांग दूर, तितका रंग फिका आणि निळसर ठेवावा. नुसत्या पाण्याच्या कमी-अधिक प्रमाणाने चार-पाच कोसांचे अंतर कागदावर मावते.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो, तेव्हा ब्रश फिरण्याआधीच रंग वाळतो. पावसाळ्यात उलट, कागद वाळतच नाही. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम. शेतीची घाई असते हे खरे, पण बंडीची वाट पाहताना, मोटार चालू करून पाणी दांडात सोडल्यावर, अर्धा-पाऊण तास निघतो. तेवढा पुरतो. सूर्य सरकला की सावल्या सरकतात, म्हणून सावल्या आधी पेन्सिलीने आखून ठेवाव्यात.

अनोळखी गावात बसलात तर लोक जमणार. "मोजणीवाले हाय का भाऊ?" हा पहिला प्रश्न. रस्त्यासाठी की धरणासाठी जमीन जाते, ही धास्ती त्यामागे असते. हसू नये, चित्र दाखवावे. बाईमाणसाला मात्र एकटीने बाहेर बसणे अजून अवघड जाते. तिने अंगणातून सुरुवात करावी: वाळवणाच्या कुरड्या, तुळशीवृंदावन, गोठ्यातली गाय. विषय म्हणून यांत काही उणे नाही.

"मोबाइलवर फोटो निघतो की," असे घरचे म्हणतील. निघतो, आणि हजार फोटोंत हरवतो. चित्रासाठी तासभर पाहावे लागते, म्हणून ते मनात राहते. शिवाय पाहायच्या गोष्टी झपाट्याने जात आहेत. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली शकुंतला आता थांबली आहे. गावोगावच्या मातीच्या गढ्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या ढासळतात. अचलपूरजवळचा हौज कटोरा, बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा यांची चित्रे इतरही काढतील. नरनाळ्याला जाताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, तेवढे लक्षात असू द्या. पण तुमच्या आजोबांनी बांधलेली विहीर, तिच्यावरचा उंबर आणि पडायला आलेला कोठा काढायला दुसरे कोण येणार?

चित्र पुरते वाळल्यावर मागे पेन्सिलीने गाव, वावराचे नाव, तारीख आणि त्या साली काय पेरले होते ते लिहून ठेवावे. भिंतीवर लावायचे तर ऊन थेट पडणार नाही अशी जागा पाहावी. काही रंग, विशेषतः गुलाबी, उन्हाने उडतात.