आडनावांच्या मुळाशी (भाग ९) : पियाजिओ

गेल्या आठवड्यात '-कर' लावून होणारी आडनावं पाहिली. त्याच जातीचं एक आडनाव पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात आहे, फक्त ते इटलीतून आलेलं आहे.

बजाजने व्हेस्पा स्कूटर बनवण्याचा परवाना घेतला तो पियाजिओ कंपनीकडून. करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली आणि बजाजच्या आकुर्डीच्या स्कूटरला राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव मिळालं. पुढे पियाजिओ स्वतःच बारामतीला आली. तिच्या तीनचाकीला आपण 'अ‍ॅपे' म्हणतो. इटालियन माणूस 'आपे' म्हणेल, म्हणजे मधमाशी. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. पण ही झाली गाड्यांची नावं. घराण्याचं काय?

रिनाल्दो पियाजिओ यांनी १८८४ मध्ये जिनोव्हाजवळच्या सेस्त्री पोनेंते इथे कारखाना काढला. जहाजांच्या आतली सजावट हे त्यांचं पहिलं काम. आडनावही त्याच लिगुरिया किनाऱ्याचं. त्याच्या मुळाशी मध्ययुगीन लॅटिनमधला 'प्लाजिआ' हा शब्द आहे. अर्थ दोन : डोंगराचा उतार आणि समुद्राचा काठ. लिगुरियात डोंगर थेट पाण्यात उतरतो, त्यामुळे तिथे हे दोन अर्थ वेगळे काढणं अवघडच. पुळणीला इटालियनमध्ये 'स्पियाज्जा' म्हणतात, तोही याच कुळातला. तेव्हा उतारावर राहणारे ते पियाजिओ. आपले टेकाडे आणि डोंगरे त्यांचे शेजारी शोभतील.

आपण गावाच्या नावाला 'कर' जोडतो. चाकणकर म्हटलं की माणूस आणि गाव दोन्ही कळतात. इटालियन माणूस बरेचदा जागेचं नाव तसंच उचलतो, शेपूट न लावता. ही नावं पक्की व्हायला चर्चच्या वह्या कारणीभूत झाल्या. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला आणि तोंडी चालणारी ओळख कागदावर गोठली.

व्हेस्पाचे रचनाकार कोर्रादिनो द'आस्कानियो यांचं आडनाव वेगळ्या घाटाचं. 'द' म्हणजे 'चा' : आस्कानियो नावाच्या कुणा पूर्वजाच्या घरचा. रांजणगावच्या कार्रारो कंपनीच्या नावाची गंमत मला सर्वांत आवडते. हे व्हेनेतो भागातलं आडनाव, अर्थ गाडे बनवणारा; म्हणजे आपल्याकडे सुताराचं काम. कंपनी आज ट्रॅक्टरचे अ‍ॅक्सल बनवते, म्हणजे गाड्याचा आसच.

चाकणमध्ये ब्रेकच्या कारखान्यावर ब्रेंबो अशी पाटी दिसते. तेही आडनाव वाटेल, पण ब्रेंबो ही बेर्गामोकडची नदी. १९६१ मध्ये कंपनी काढणाऱ्या एमिलिओ बोंबास्सेई यांचं आडनाव पाटीवर आलंच नाही.

पुढच्या भागात रंगांची आडनावं : रोस्सी, बियांकी, नेरी आणि आपले तांबडे, पांढरे, काळे.