पराभवाचा धनी कोण?

सामना मैदानावर संपतो तो केवळ खेळाडूंपुरता. प्रेक्षकांचा सामना त्यानंतरच सुरू होतो. तो चहाच्या टपरीवर रंगतो, कॉलेजच्या कट्ट्यावर रंगतो आणि आपल्या भागात तर विशेषेकरून लोकलमध्ये रंगतो. बदलापूरहून सुटलेली सकाळची गाडी अंबरनाथ, उल्हासनगर करीत कल्याणला पोहोचेपर्यंत एकेका डब्यात किमान वीस प्रशिक्षक निर्माण झालेले असतात. आदल्या दिवशी भारत जिंकला असेल तर या वीस जणांची वीस मते असतात; हरला असेल तर मात्र बहुधा सर्वांचे एकमत होते : ‘प्रशिक्षकाला काढा!’

ही मागणी इतक्या सहजपणे का होते, तिच्यात तथ्य किती असते आणि प्रशिक्षकाचे मोजमाप नेमके कशाने करावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरवर हलका वाटला तरी तसा तो नाही. कारण एका पराभवावरून माणसाची किंमत ठरविण्याची सवय मैदानापुरती मर्यादित राहत नाही.

ताजे आणि आपल्या जवळचे उदाहरण प्रथम घेऊ. २०२५ साली महिलांची एकदिवसीय विश्वचषक स्पर्धा भारत व श्रीलंकेत झाली. भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा करणारा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा काढणारा आणि तरीही भारताकडून एकही कसोटी खेळावयास न मिळालेला हा फलंदाज. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची नेमणूक झाली. स्पर्धेत पहिले दोन सामने जिंकल्यावर भारतीय संघ लागोपाठ तीन सामने हरला. ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेकडून, १२ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाकडून आणि १९ ऑक्टोबरला इंदूर येथे इंग्लंडकडून. त्यांपैकी इंदूरचा पराभव जिव्हारी लागणारा होता. २८९ धावांचा पाठलाग करताना स्मृती मानधना ८८ धावांवर बाद झाली तेव्हा विजय हाताशी आलेला होता; तो निसटला आणि भारत चार धावांनी हरला. साहजिकच टीकेचा भडिमार झाला. जो स्वतः भारताकडून खेळला नाही तो भारताला काय शिकविणार, हा जुनाच आक्षेप पुन्हा वर आला.

पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. नव्या मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आपल्याकडून ठाण्याला गाडी बदलली की पोहोचता येईल इतक्या अंतरावर, भारताने न्यूझीलंडला हरविले. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी मात करून भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. १९ ऑक्टोबरचे गुन्हेगार मुझुमदार २ नोव्हेंबरला द्रोणाचार्य ठरले! मधले अंतर अवघे चौदा दिवसांचे.

आता प्रश्न असा, की या चौदा दिवसांत हा मनुष्य बदलला काय? त्याचे ज्ञान वाढले काय? तसे म्हणता येणार नाही. बदलली ती निकालाची पाटी. आणि इथेच आपल्या वादातली पहिली गफलत सापडते : आपण निर्णयाची पारख निकालावरून करतो.

याच स्पर्धेतला एक निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. पहिल्या दोन पराभवांनंतर ‘संघात सहावा गोलंदाज का नाही?’ अशी ओरड होती. म्हणून इंग्लंडविरुद्ध एक गोलंदाज वाढविण्यात आला आणि त्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले. सामना चार धावांनी गेला. लगेच ‘एक फलंदाज कमी का?’ अशी ओरड सुरू झाली. पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, तिसऱ्या क्रमांकावर खेळली, आणि उपांत्य सामन्यात त्याच क्रमांकावर नाबाद १२७ धावा काढून तिने ऑस्ट्रेलियाला घरी पाठविले. मग तिला वगळणे ही घोडचूक होती, की तिला परत आणून वर पाठविणे ही दूरदृष्टी? दोन्ही निर्णय त्याच संघव्यवस्थापनाचे होते. खरे सांगायचे तर पहिला निर्णय अगदी अविचारी नव्हता आणि दुसऱ्यातही धोका होताच.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. अंतिम सामन्यात ८७ धावा काढून आणि दोन बळी घेऊन सामनावीर ठरलेली शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. सलामीची प्रतिका रावल बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना जखमी झाली म्हणून शफालीला बोलावणे धाडले गेले. हा योगायोग कोणाच्या खात्यावर जमा करावयाचा? प्रशिक्षकाचे श्रेय इतकेच की दार उघडल्यावर आत आलेल्या मुलीच्या हाती चेंडू देण्याची तयारी संघात होती. दार उघडले ते मात्र दैवाने.

यावरून प्रशिक्षकाचे काम निरर्थक आहे असा अर्थ कोणी काढू नये. त्याचे काम सामन्यापूर्वीचे असते : सराव आखणे, कोणाला कोणत्या जागी खेळवावे हे ठरविणे, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणे आणि हरल्यानंतर संघाचे मन खचू न देणे. चेंडू पडावयास लागला की त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. क्रिकेटमध्ये तर कर्णधारच सेनापती असतो. बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक खेळ थांबवून घेऊ शकतो, क्षणोक्षणी खेळाडू बदलू शकतो. म्हणून त्या खेळात त्याची जबाबदारी अधिक. तरीदेखील बास्केटमध्ये चेंडू टाकणारा हात त्याचा नसतो. प्रशिक्षकाचा प्रभाव खरा असतो, परंतु तो सावकाश दिसतो. आपण मात्र तो शेवटच्या षटकात शोधतो.

तीन पराभवांनंतर संघ हळूहळू पुन्हा जिंकू लागतो, यामागे आणखी एक साधे कारण आहे. अतिशय वाईट काळ हा बहुधा काही अंशी दुर्दैवाचाही काळ असतो आणि दुर्दैव कायमचे टिकत नाही. अशा वेळी प्रशिक्षक बदलला की सुधारणेचे श्रेय नव्या माणसाला मिळते. न बदलता सुधारणा झाली असती हे कोणी पाहत नाही. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तेथील फुटबॉल क्लबांच्या १९८६ ते २००४ या काळातील कामगिरीचा अभ्यास केला. प्रशिक्षक काढल्यावर क्लब सावरत हे खरे. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, ते क्लबही तसेच सावरले, असे त्यांना आढळले. तापाच्या रोग्याने तिसऱ्या दिवशी वैद्य बदलावा, चौथ्या दिवशी ताप उतरावा आणि नव्या वैद्याचा जयजयकार व्हावा, तशातला हा प्रकार!

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर चंद्रकांत पंडित यांची कथा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. २०१५-१६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर मैदानावरील अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरविले. एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद ही काही वाईट कमाई नव्हे. परंतु मुंबईला दुसऱ्या क्रमांकाची सवय नाही. पंडितांच्या जागी समीर दिघे आले. पंडित विदर्भाकडे गेले. ज्या विदर्भाने तोवर कधी रणजी अंतिम सामनाही खेळला नव्हता, त्याने १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या त्याच मैदानावर, दिल्लीला नमवून करंडक उचलला. दुसऱ्या वर्षी तो राखलाही. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये बंगळूर येथे अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने प्रत्यक्ष मुंबईलाच हरविले. योगायोग असा की त्या दिवशी पराभूत मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार!

एवढ्यावरून ‘मुंबईने सोने दिले आणि पितळ घेतले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तोही आवरावा. कारण पंडितांच्याच मार्गदर्शनाखाली कोलकात्याच्या संघाने २०२४ मध्ये आयपीएल जिंकली आणि २०२५ मध्ये तोच संघ आठव्या क्रमांकावर फेकला गेला. त्यानंतर दोघांची फारकत झाली. माणूस तोच, शिस्त तीच, फळ निराळे. एका ठिकाणी रुजलेले झाड दुसऱ्या मातीत तसेच वाढेल, असे नाही.

प्रशिक्षकावर राग काढण्याची रीतही तशी अलीकडची. पूर्वी हा मान कर्णधाराचा असे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. त्या विजयाचे स्मारक म्हणून इंदूरला एक भव्य बॅट उभारली गेली. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला, तिन्ही कसोटी गेल्या, आणि चिडलेल्या लोकांनी त्याच बॅटला काळे फासले. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले व त्यांनी निवृत्ती पत्करली. तीन वर्षांत फुलांचे हार आणि डांबर, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले.

कधी कधी मात्र वादाला खरोखरच अर्थ असतो, हेही मान्य केले पाहिजे. २०१८ च्या नोव्हेंबरात महिलांच्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अनुभवी मिताली राजला वगळण्यात आले आणि भारत इंग्लंडकडून आठ गडी राखून पराभूत झाला. प्रशिक्षक रमेश पोवार यांच्याविरुद्ध मितालीने मंडळाकडे लेखी तक्रार केली. उलट कर्णधार हरमनप्रीत कौर आणि आपली सांगलीची स्मृती मानधना यांनी पोवारांना कायम ठेवावे म्हणून लिहिले. मंडळाने डब्ल्यू. व्ही. रामन यांना नेमले. रामन यांच्या काळात २०२० मध्ये संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तरी २०२१ मध्ये पुन्हा पोवारच आले! येथे मूळ प्रश्न धावांचा नव्हता. खेळाडू व प्रशिक्षक यांच्यातील विश्वासाचा होता. असा प्रश्न सामना जिंकला असता तरी विचारावाच लागला असता. खऱ्या आक्षेपाची हीच खूण आहे : तो विजयानंतरही उरतो.

परदेशातही मनुष्यस्वभाव निराळा नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल हा लाखो लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ड्यूक विद्यापीठात १९८० मध्ये माइक शशेव्हस्की नावाचे तरुण प्रशिक्षक आले. १९८१-८२ मध्ये संघाने दहा सामने जिंकले व सतरा गमावले. पुढच्या वर्षी अकरा जिंकले व सतरा गमावले. १९८३ च्या विभागीय स्पर्धेत व्हर्जिनियाने ड्यूकचा १०९-६६ असा धुव्वा उडविला. माजी विद्यार्थी व देणगीदार त्यांना घालविण्यासाठी हटून बसले. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी १९८४ मध्ये उलट त्यांचा करारच वाढविला. २०२२ मध्ये शशेव्हस्की निवृत्त झाले तेव्हा ड्यूकच्या नावावर त्यांनी मिळविलेली पाच राष्ट्रीय विजेतेपदे होती. अर्थात, थांबलेला प्रत्येक प्रशिक्षक शशेव्हस्की होतो असे नाही. परंतु बटर्स यांनी पाहिले ते निकालपत्रकाच्या मागचे : खेळाडूंची निवड, सरावाची शिस्त, पुढच्या वर्षी येणारी मुले.

मग पराभवानंतर आपण काय विचारावे? माझ्या मते चार प्रश्न पुरेसे आहेत. संघ आपल्या ताकदीच्या मानाने वाईट खेळला की ताकदच कमी होती? तीच चूक पुन्हा पुन्हा होते आहे की प्रत्येक वेळी नवी? तरुण खेळाडू वर्षभरात सुधारले की जेथल्या तेथे राहिले? आणि संघाचा आपल्या प्रशिक्षकावर विश्वास आहे काय? या चारांची उत्तरे प्रतिकूल असतील तर बदल अवश्य व्हावा, मग संघ करंडक घेऊन आलेला असो. ती अनुकूल असतील तर एका पराभवासाठी माणूस घालविणे म्हणजे बी रुजले की नाही हे पाहण्यासाठी रोज माती उकरण्यासारखे आहे.

हे सारे आपल्याला सांगावयाचे कारण उघड आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आपल्याकडच्या महाविद्यालयांचे संघ हरतात तेव्हा आपलीही जीभ अशीच सैल सुटते. आपल्या भागातला खेळाडू दोन गाड्या बदलून सामन्याला पोहोचतो, पुष्कळदा अर्धवेळ नोकरी सांभाळून सराव करतो. आणि त्याला शिकविणारे क्रीडा-संचालक एकाच वेळी कबड्डी, खो-खो, क्रिकेट आणि बास्केटबॉल असे चार-चार संघ पाहतात. विश्वविजेत्या संघामागे आहारतज्ज्ञापासून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत माणसे असतात. इथे तीच व्यक्ती चेंडूत हवा भरते, प्रवेशिका भरते आणि जखमेवर मलमही लावते. त्यांच्यावर टीका होऊच नये असे नाही. पण सरावाला किती मुले आली, मैदान किती दिवस मिळाले, सामना पाहायला आपल्यापैकी कितीजण गेलो, याचा हिशेब आधी मांडावा आणि मग प्रशिक्षकाच्या नावे खापर फोडावे. हा हिशेब मांडल्यावर पुष्कळदा असे आढळेल, की पराभवाचे धनी बरेच आहेत आणि त्यांतले काही कट्ट्यावरच बसलेले आहेत.